कोल्हापूर: अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा झालंय, आता पेठांतलं सांगा

गोदाकाठची

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवस कोल्हापूरला येतोय. नाशिकहून, स्वतःच्या गाडीने. मी, आई-बाबा आणि नववीतला मुलगा. अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, न्यू पॅलेस, रंकाळा हे सगळं आधी झालंय. देवीचं दर्शन पुन्हा घेणारच, त्याशिवाय आईला चैन पडणार नाही. पण बाकीचा वेळ मला त्याच पट्ट्यात घालवायचा नाही.

मागच्या वेळी देवळाजवळच्याच एका हॉटेलात जेवलो होतो. तांबडा रस्सा म्हणून जे आलं त्यावर बोटभर लाल तेल आणि खाली कोमट पाणी. पांढऱ्याला कॉर्नफ्लॉरचा चिकटपणा. वर वाढपी विचारतो, "झेपतंय का पाव्हणं?" पर्यटकाच्या डोळ्यांतून पाणी काढलं की कोल्हापूर दाखवून झालं, असा काहीसा प्रकार. मला ते नकोय. तुम्ही लोक सकाळी उठून काय खाता, संध्याकाळी कुठे जाऊन उभे राहता, पाहुणे आले नसतील तेव्हा काय करता, ते सांगा.

अडचणी आधीच सांगते. आई शुद्ध शाकाहारी. बाबांना मटण हवं, पण डॉक्टरांनी तिखट बंद केलंय. मुलगा फुटबॉलवेडा, किल्ला किंवा देऊळ दिसलं की तो मोबाईल काढतो. आणि कृपा करून मिसळीवरून नाशिक-कोल्हापूर सुरू करू नका, ते मी ऑफिसात रोज ऐकते.

---

खासबाग_कट्टा

ताई, भांडण नाही. नाशकात मिसळीबरोबर पापड देतात एवढं ऐकून आहे, त्यावर आमचं काही म्हणणं नाही.

मी मंगळवार पेठेतला. नोकरी सगळी उद्यमनगरात, फौंड्रीत गेली. आता रिटायर आहे, त्यामुळं सांगायला वेळ भरपूर. मोठं होईल, सवडीनं वाचा.

एक धरून चला. कोल्हापूर समजायचं तर तालीम बघायची. देऊळ, राजवाडा, तळं हे दुसऱ्या गावांतही असतं. इथं प्रत्येक पेठेला तालीम आहे. खाली कुस्तीचा हौद, वर मंडळाची खोली, कॅरम, गणपतीची वर्गणी, फुटबॉलचा संघ आणि निवडणूक आली की पॅनेलची बैठक, सगळं त्याच इमारतीत. हौदात उतरणारी पोरं आता कमी झाली, पण पत्ता सांगताना अजून तालमीचंच नाव सांगतात. आणि तुम्ही खाण्याचं विचारताय ना, तेही तिथूनच येतं. दूध, तूप, बदाम, मटण हा सगळा पैलवानाचा खुराक. आम्ही बाकीचे जोर-बैठका न काढता तोच खुराक खातो, पोटं त्यामुळंच सुटल्यात.

सकाळपासून सुरू करतो. मुलाला आणि बाबांना पहाटे उठवा. गंगावेश, शाहूपुरी, मोतीबाग या जुन्या नावाच्या तालमी. मोतीबाग तर भवानी मंडपाच्या मागंच, म्हणजे देवळात आलेली माणसं तिच्यावरून जातात आणि त्यांना पत्ताही नसतो. चप्पल बाहेर काढायची, वस्तादांना नमस्कार करायचा, "नाशिकहून आलोय, बघू का जरा?" म्हणायचं. नाही म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. फोटो मात्र विचारून. आत गेल्यावर आधी वास येतो, कारण त्या लाल मातीत ताक, हळद, लिंबू, तेल असं कायकाय मुरवलेलं असतं. पोरं एकमेकांच्या पाठीवर मुठीनं माती टाकतात, घाम आला की पकड सुटू नये म्हणून. कोपऱ्यात कुणीतरी दगडी कुंडीत बदाम, खसखस, मिरी घोटत बसलेला असतो, ती थंडाई.

आता तुमचं आणि आईंचं. जुन्या तालमींत बायकांना हौदापर्यंत सोडत नाहीत. मुरगूडच्या पोरी बाहेर जाऊन मॅटवर पदकं आणतात आणि इथं पेठेत उंबरा अजून तसाच. मला पटत नाही, पण तुम्हाला दारात अडवलं तर वाईट वाटू नये म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तिथून मिसळ. उद्यमनगरात फडतरेंची. आता बाहेरगावच्या गाड्यांची रांग असते, पण पूर्वी ती आमची होती, रात्रीची शिफ्ट सुटल्यावरची आणि सकाळची लागायच्या आधीची. लेथवर आठ तास उभ्या राहिलेल्या माणसाला पोटभर आणि चटकन काहीतरी लागतं, तसली ती मिसळ. नऊच्या आत जावा, दुपारी एकनंतर जाऊन बोंबलू नका. इथं मिसळीला पाव नाही, स्लाइस ब्रेड येतो. बाबांसाठी "कट वेगळा द्या" म्हणायचं. मटकी, बटाटा, चिवडा, वर दही, आणि कट चमच्यानं हवा तेवढा. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, निम्मी पेठ आता बीपीच्या गोळ्यांवर आहे.

मटणाचं नीट सांगतो, कारण तुम्हाला जे मिळालं ते वाचून राग आला.

रस्सा तिखट लागतो ते खरं, पण जीभ भाजली की झालं, असं नसतं. चांगल्या तांबड्यात कांदा-लसूण चटणी, सुकं खोबरं, तीळ हे एकजीव झालेलं असतं, तवंग असतो पण तो पातळ. वाटी तोंडाला लावून पिता आली पाहिजे. पांढऱ्याचं तर त्याहून नाजूक काम. मटण शिजवलेलं अळणी पाणी, त्यात खसखस, तीळ, काजू, नारळाचं दूध आणि खडा मसाला. लाल चटणीचा त्यात थेंब नाही. म्हणजे बाबांना पांढरा चालेल, मिरी-लवंगेची ऊब असते तेवढीच. आणि खाणावळीत "अळणी आहे का?" विचारा. मीठ-हळदीतलं ते नुसतं पाणी आजाऱ्याला, बाळंतिणीला, पैलवानाला, सगळ्यांना देतात. भाकरी कुस्करून अळणी आणि दोन मऊ फोडी, बाबा खूश.

हॉटेल ओळखायचं कसं? दर्शनी रस्ता सोडून पेठेत शिरा. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शाहूपुरी. घरगुती खाणावळ असते, सहा-सात टेबलं, मालकीण स्वतः भाकरी थापत असते, आणि दुपारी एकच्या सुमाराला तिथं बँकेतली, कोर्टातली माणसं रुमाल मांडीवर टाकून जेवत असतात. रस्सा दोन्ही वाट्या परत परत येतो, त्याचे वेगळे पैसे लावले तर उठा. बुधवार किंवा रविवार गाठा. आमच्यात सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी माणसं पुष्कळ, त्या दिवशी खप कमी आणि मग आदल्या दिवशीचं गरम करून येण्याची भीती. मटण पालव्याचंच, म्हणजे बकऱ्याचंच हवं हा इथला हट्ट. २०१९ ला दर वाढले तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले होते, दर ठरवायला समिती बसली. पेट्रोल वाढलं तेव्हा एवढं कुणी बोललं नाही.

दुपारी झोपा. खरंच सांगतो. जेवून उन्हातान्हात फिरणारा माणूस दिसला की आम्ही ओळखतो, पाव्हणा आहे. झोप येतच नसेल तर टाऊन हॉलचं म्युझियम, सीपीआर दवाखान्यासमोर. सोमवारी बंद असतं. इमारत १८७२ ते ७६ मधली, ज्या मेजर मँटनं न्यू पॅलेस उभा केला त्याचीच. न्यू पॅलेसला रांग आणि इथं पाच माणसं. आत काचेत एक वीतभर ब्राँझची मूर्ती आहे, तिच्यासमोर मुलाला उभं करा. ग्रीकांचा समुद्रदेव पॉसिडॉन. पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीची टेकडी आहे, तिथं ती मिळाली. सातवाहनांच्या काळात रोमचा माल समुद्र ओलांडून, घाट चढून आपल्या नदीकाठी येत होता. त्या टेकडीवर आज घरं आहेत, कपडे वाळत असतात. ब्रह्मपुरीच्या उत्खननात जे निघालं ते ठेवायलाच १९४६ साली हे म्युझियम सुरू झालं.

चार वाजले की खासबाग. माझ्या घरापासून चालत, त्यामुळं थोडं जास्त बोलेन. शाहू महाराज १९०२ ला इंग्लंडला गेले, त्या दौऱ्यात रोममधली जुनी मैदानं बघितली आणि इथं तसं मैदान करायचं मनात घेतलं. १९१२ ला ते तयार झालं. मध्ये कुस्तीचा हौद आणि सगळीकडून चढत गेलेला मातीचा उतार, कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. कुस्ती नसेल तेव्हा तिथं काही नसतं. पोरं क्रिकेट खेळतात, म्हातारी माणसं सावली धरून बसतात. शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह, मूळचं पॅलेस थिएटर, १९१५ चं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सगळी पेठ रस्त्यावर होती त्या रात्री. माझ्या शेजारचे एक गृहस्थ, ज्यांनी आयुष्यात नाटकाचं तिकीट काढलं नसेल, ते फुटपाथवर बसून रडत होते. जास्त लिहीत नाही.

तिथंच राजाभाऊंची भेळ. आईंना चालते. एक कागदी पुडा घेऊन मैदानाच्या कडेला बसा.

मग अंधार पडता पडता गंगावेशीतला दूधकट्टा. हे मात्र चुकवू नका. आसपासचे गवळी म्हशी घेऊन येतात, रस्त्याच्या कडेलाच बांधतात. गिऱ्हाईक आलं की गवळी उकिडवा बसतो, सड धुतो, आणि चरवीत धारा पडायला लागतात. आधी पत्र्यावर पडल्यासारखा टणटण आवाज, मग भांडं भरत जाईल तसा तो जड होत जातो. ग्लासात ओतलं की निम्मा फेसच. गरम असतं, म्हशीच्या अंगाइतकं. पैलवान दोन-दोन लिटर उभ्याउभ्या पितात आणि मिशी पुसून चालायला लागतात. पण हे न तापवलेलं दूध आहे, ताई. आमची पोटं त्यावर वाढली. बाबांना देऊ नका, मुलाला हवं तर घोटभर. आणि म्हशींकडे बघा नीट, काळ्या कुळकुळीत, शिंगं तेल लावून चमकवलेली. दिवाळीच्या पाडव्याला याच म्हशींची शिंगं रंगवून, मोरपिसं लावून, मालक मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस मागं अशा पळवतात. कट्टे आता पहिल्याइतके भरत नाहीत. गावात म्हैस ठेवायला जागा कुठं राहिली?

मुलाचं शेवटी ठेवलंय. शाहू स्टेडियम. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. यांतले बहुतेक तालमींचेच संघ. सीझन थंडीत सुरू होतो, जानेवारीत सामना मिळायची शक्यता चांगली. केएसएचं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचं वेळापत्रक इथल्या पेपरात येतं, आल्या दिवशी पेपर घ्या. सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला २०१७ मध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, हे त्याला सांगा. मोबाईल आपोआप खिशात जाईल.

---

बावड्याचा_पाटील

मंगळवार पेठवाल्यांना गाव खासबागेतच संपतं असं वाटतं, ते वरच्या पोस्टमधून दिसलंच 😄

ताई, एक सकाळ कसबा बावड्याला द्या. मिसळ आमचीपण आहे आणि रांग कमी आहे. कट जरा काळपट, मसाला भाजलेला. आवडली नाही तर मला शिव्या घाला.

खाऊन झालं की लक्ष्मी विलास पॅलेस, शाहू महाराजांचं जन्मस्थळ. २६ जून १८७४. न्यू पॅलेसमध्ये पेंढा भरलेले वाघ बघून मुलं कंटाळतात, इथं माणूस कळतो. पन्नास टक्के जागा मागासलेल्यांना राखून ठेवण्याचा आदेश २६ जुलै १९०२ चा. त्या वेळी महाराज स्वतः इंग्लंडात होते, खासबाग_कट्टा म्हणतात त्याच दौऱ्यावर. म्हणजे एका प्रवासातून गावाला मैदानही मिळालं आणि मागं हेही झालं.

परत जाताना पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर थांबा. जानेवारीत पाणी शांत असतं, बंधाऱ्यावरून चालत जाता येतं, मासे धरणारी पोरं असतात. पावसाळ्यात सगळ्या जिल्ह्याचा जीव या बंधाऱ्याच्या आकड्यावर टांगलेला. ३९ फूट इशारा, ४३ धोका. इथं लहान पोरालापण हे आकडे पाठ असतात. २०१९ चं पाणी कुठवर आलं होतं ते कुणालाही विचारा, हात वर करून दाखवतील.

---

गोदाकाठची

बापरे, एवढं सविस्तर! दोघांचे आभार. खासबाग काका, तालमीचा उंबरा वाचून राग आला, पण आधी सांगितलंत ते बरं केलंत. मुलगा आणि बाबा जातील, मी आणि आई तोवर झोपू, हे आम्हाला जास्त मानवेल.

आता आईचं बघा ना. भेळेवर तीन दिवस निघणार नाहीत. शिवाय दोन प्रश्न. जानेवारीत गुऱ्हाळं चालू असतात का? आणि चप्पल घ्यायची आहे, पण मागच्या वेळी देवळाजवळून घेतलेली महिन्यात उसवली. विकणारा "ओरिजिनल, ओरिजिनल" करत होता.

---

शिरोळची_माहेरवाशीण

तुमच्या आईंसाठी मी उत्तर देते, कारण माझी आईपण माळकरी.

एक अख्खा दिवस शिरोळ तालुक्याला द्या. शहर सोडून बाहेर पडायचं नसेल तर पुढचं वाचू नका. गाडी आहे म्हणून सांगते.

सकाळी लवकर निघून थेट खिद्रापूर, साठ-पासष्ट किलोमीटर. कोपेश्वराचं देऊळ, शिलाहारांच्या काळातलं. पुढचा स्वर्गमंडप गोल आहे, ४८ खांब, आणि मधलं छत मुळातच मोकळं ठेवलेलं. खाली त्याच मापाची गोल शिळा. तिच्यावर उभं राहून वर बघायचं, आभाळाचा एक गोल तुकडा दिसतो आणि भोवतीनं सगळं कोरीव काम. बाहेरच्या बाजूला खाली हत्तींची रांग आहे, कितीतरींच्या सोंडा तुटलेल्या. गाभाऱ्यात दोन लिंगं, एक कोपेश्वर आणि एक धोपेश्वर, म्हणजे विष्णू. नंदी नाही, शोधू नका, शिवमंदिरात सहसा दिसणार नाही असं हे एक वेगळेपण. तुमचा मुलगा इथं मोबाईल काढेल, पण फोटोसाठी. कार्तिक पौर्णिमा सोडली तर शांत असतं. जवळ खायला धड काही मिळत नाही, डबा घ्या.

परतताना नरसोबाची वाडी. दत्ताचं ठिकाण, कृष्णा-पंचगंगेचा संगम. घाटावर बसलं की वेळ कसा जातो कळत नाही. दुपारची प्रसादाची वेळ गाठा. वाडीत बासुंदी प्यायची, पेढे बांधून घ्यायचे, आणि कवठाची बर्फी. आंबट-गोड असते, पहिल्या घासाला तोंड वाकडं होतं आणि मग अर्धा किलो संपतो. कृष्णाकाठची वांगी दिसली बाजारात तर नाशिकला घेऊन जा. ती शिजवली की बियांचा कचकचाट नसतो, लोण्यासारखी विरघळतात. आमच्याकडे भरून, भाकरीबरोबर. आणि कुठं खपली गव्हाची खीर मिळाली तर सोडू नका, गुळातली, जाडसर, वर तूप. हॉटेलात क्वचित, कुणाच्या घरी गेलात तर नक्की.

---

खासबाग_कट्टा

माहेरवाशीण ताईंनी छान सांगितलं. वांग्याबद्दल बरोबर आहे.

शहरात शाकाहारी माणसाचे हाल होतात असं बाहेर पसरलंय, ते खोटं. झुणका, खर्डा, ज्वारीची भाकरी, घट्ट दही, कच्च्या मेथीची जुडी आणि कांदा फोडून. अख्खा मसूर तर कुठंही मिळतो. एकच सावधगिरी. थाळीत "व्हेज पांढरा रस्सा" म्हणून मांडतात. तो बरा असतो, पण देताना वाढप्याला मटणाचा डाव त्यातच बुडवायची सवय असते. आई कडक असतील तर निव्वळ शाकाहारी ठिकाणीच बसवा. संध्याकाळच्याला लोणी डोसा. दावणगिरीहून आला, इथं रुळला, आता गाड्यागाड्यांवर मिळतो. तव्यावर लोण्याचा गोळा टाकतात, नेम चुकवून दोन टाकले तर बोलायचं नाही.

गुऱ्हाळं चालू असतात. दिवाळीनंतर पेटतात ती मार्चपर्यंत. पन्हाळ्याच्या रस्त्याला, वडणग्याकडं, कागलकडं, कुठंही धूर दिसला की गाडी वळवा. जाताना शेंगदाणे खिशात टाका, का ते सांगतो. मोठी काहील असते, खाली चुलवाण, त्यात उसाची वाळलेली चिपाडं सतत ढकलत एक माणूस उभा. रस उकळायला लागला की भेंडीचं चिकट पाणी सोडतात, त्यानं मळी वर येते, ती झाऱ्यानं काढायची. पुढं सगळा खेळ गुळव्याच्या डोळ्यांवर. थर्मामीटर नाही. तो बोटानं थेंब पाण्यात सोडतो, चिमटीत गोळी करून बघतो, आणि हात वर करतो. तेवढ्यात आठ-दहा जणं धावत येऊन काहील ओतून रिकामी करतात. एक मिनिट इकडं-तिकडं झालं तर अख्खं आदण काळं. त्या वेळी मध्ये पाय घालू नका, भाजलं तर हाडापर्यंत जातं. वाफ्यात गूळ आळायला लागला की उलथन्यावर लागलेला काढून देतात, न मागता. त्यात शेंगदाणे दाबायचे आणि गार व्हायच्या आत तोंडात. काकवी बाटलीत भरून घ्या. तीस किलोचा रवा, म्हणजे मोठी ढेप, कुणी घरी नेत नाही, किलोच्या ढेपा मिळतात. पिवळाधमक गूळ घेऊ नका, तांबूस घ्या. पिवळेपणा बहुतेक वेळा केमिकल पावडरचा.

चप्पल. तुम्हाला मिळाली ती रेग्झिनचा अस्तर लावून खिळे मारलेली असणार. इथल्या कारागिराच्या चपलेत खिळा नसतो, चामड्याच्याच वादीनं शिवतात. उलटी करून तळ बघा, टाके दिसले पाहिजेत. नाक लावून बघा, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याला उग्र वास येतो, केमिकलचा येत नाही. सुभाषनगरकडं कारागिरांची घरं आहेत, बाया दारात बसून वेण्या गुंफत असतात. तिथं मापाची करून मिळते, पण तीन दिवसांत नाही, पत्ता देऊन जावा. पहिले आठ दिवस चावते, तेल लावायचं, पावसात घालायची नाही. मध्यंतरी इटलीच्या प्राडानं फॅशन शोमध्ये आपल्यासारखीच चप्पल दाखवली, नाव न घेता. बोंबाबोंब झाली तेव्हा कबूल केलं. त्या आठवड्यात आमच्या चप्पल गल्लीत गिऱ्हाईक वाढलं, एवढं मात्र खरं.

---

सकाळचा_फिरस्ता

सगळ्यांनी मिळून रंकाळ्याला वाळीत टाकलंय म्हणून लिहितो. संध्याकाळची चौपाटी नकोच, कबूल. घोडे, फुगे, चायनीजच्या गाड्यांचा धूर. पण सकाळी सहाला जा. अख्खं कोल्हापूर तिथं चालत असतं, पेन्शनर, पोलीस भरतीची पोरं, हसण्याचा क्लब. पदपथावरून पूर्ण फेरी मारायची. पाणी कमी झालं असेल तर संध्यामठ उघडा दिसतो, पाण्यात उभा असलेला दगडी मंडप. पलीकडं शालिनी पॅलेस. बाबांना तालमीपेक्षा हे झेपेल.

राजारामपुरीत चंद्रकांत मांडरेंचं चित्रसंग्रहालय आहे, त्यांच्या राहत्या बंगल्यात. सिनेमातला नट म्हणून माहीत असतात, पण पावडर शेडिंगची चित्रं बघितल्यावर वेगळंच वाटतं. अर्ध्या तासात होतं.

---

गोदाकाठची

मंडळी, वही भरली. रविवार मटण आणि शक्य झालं तर सामना, सोमवारी खिद्रापूर-वाडी (म्युझियम बंदच आहे), मंगळवारी बावडा आणि टाऊन हॉल असं बसवतेय. गुऱ्हाळ वाटेत जमेल तिथे.

शेवटचं, काका: गाडी कुठे लावू? आणि स्टेडियममध्ये मी मुलाबरोबर बसले तर चालेल ना, की तिथेही उंबरा आहे?

---

खासबाग_कट्टा

मंगळवारी देवळाला गर्दी, दर्शन सोमवारी पहाटे निघायच्या आधी उरका. गाडी बिंदू चौकातल्या पार्किंगला लावा आणि विसरा. गावात रिक्षा करा, मीटरनं येतात, आणि सजवलेली मिळाली तर बसल्यावर मुलाला छत बघायला सांगा. इथं रिक्षांची सौंदर्य स्पर्धा भरते, ती उगाच नाही.

स्टेडियमला उंबरा नाही, बिनधास्त या. बायका-पोरींची गर्दी आता चांगली असते. फक्त सामना पाटाकडील विरुद्ध खंडोबा असा असेल तर वेळेच्या तासभर आधी जावा आणि कुठल्या बाजूला बसायचं ते ठरवून बसा. मुलाला म्हणावं, गोल झाला की आधी शेजारच्याकडं बघायचं, मग ओरडायचं. आणि कोण चांगलं खेळतंय हे गेटवर विचारू नका. तिकीट फाडणारापण कुठल्यातरी तालमीचाच असतो.